ज्ञापकत्व कोणाचे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. त्यांतील रोग्याच्या गुणांत स्मृती, निर्देशकारित्व आणि अभीरुत्व यांच्यासमवेत ज्ञापकत्व येते. म्हणजे आपल्या व्याधीविषयी वैद्यास नीट सांगता येणे. वाग्भटांनीही हा गुण वगळलेला नाही. परंतु व्यवसायात पडल्यावर तो रोग्याने घरूनच घेऊन यावा, अशी आपली अपेक्षा दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते रोग्यास ज्ञापक करणे हे मुख्यत्वे वैद्याचेच काम आहे.

पहिली अडचण शब्दांची. आपले पारिभाषिक शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहेत, याचा आपणास अभिमान वाटतो. पण ते तेथे निराळ्या अर्थाने नांदतात. पित्त म्हणजे छातीतील जळजळ, नाहीतर अंगावर उठणाऱ्या गांधी. वात म्हणजे कोणास गॅस, कोणास आजीचे आखडलेले गुडघे. आणि तापात ‘वात झाला’ म्हणजे बरळणे. कफ म्हणजे खोकल्यातून पडणारा बेडका. त्वचारोगाच्या रोग्यास ‘आपले पित्त बिघडले आहे’ एवढेच सांगून पाठविले, तर तो घरी जाऊन थंड दूध पिऊ लागतो. आणि नेमके दूधच त्या वेळी वर्ज्य असू शकते. ‘पथ्य’ या शब्दाचीही तीच गत. आपल्या लेखी पथ्य म्हणजे हितकर आहार. रोग्याच्या लेखी ती केवळ निषेधांची यादी. त्यामुळे काय खावे हे ऐकण्याआधीच त्याचे मन खट्टू होते.

त्रिविध परीक्षेत दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न आहे. तो कसा विचारावा, हे मात्र महाविद्यालयात फारसे कोणी शिकविले नाही. ‘भूक लागते का?’ असे विचारले की ‘हो, जेवण जाते’ असे उत्तर मिळते. घड्याळाकडे पाहून जेवणारा आणि खरोखर भूक लागून जेवणारा यांच्या अग्नीतील भेद त्या उत्तरात हरवतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास अनेक स्त्रिया निःशंकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या हिशेबी तंबाखू नसून दात घासण्याची वस्तू आहे. ‘सकाळी उठल्यापासून काय काय लागते?’ असे विचारावे आणि मग थोडे गप्प बसावे. गप्प बसणे आपणा वैद्यांस जड जाते, हेही खरे.

सर्वांत गंभीर बाब लपविण्याची. आधुनिक औषधे चालू आहेत असे सांगताच ज्याला वैद्याकडून टोमणा ऐकावा लागतो, तो पुढच्या खेपेस ती सांगत नाही. येथे अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांचा संबंध दिसतो. थायरॉइडची गोळी सकाळी अनशेपोटी घेणाऱ्यास आपण शंखभस्म किंवा मंडूरकल्प त्याच वेळी दिला, तर त्या गोळीचे शोषण घटू शकते. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम घटू शकते. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास त्याचा धोका अधिक. काही रोगी तर आपला काढा सुरू होताच रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करतात आणि कोणासही सांगत नाहीत. शास्त्रकारांनी विद्वानांच्या चर्चेचे संधाय आणि विगृह्य असे प्रकार पाडले. रोग्याशी विगृह्य संभाषा करावी, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही!

औषधविक्रेत्या बंधूंविषयीही लिहिणे आवश्यक आहे. आपण ‘अपाने’, ‘व्यानोदाने’, ‘रसायनकाळी’ असे लिहून मोकळे होतो. विक्रेता अनुभवी असेल तर ‘जेवणाआधी’, ‘दोन्ही जेवणांनंतर’, ‘सकाळी उपाशीपोटी’ असे सांगतो; नवखा मुलगा असेल तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणतो. सुवर्णकल्पाची किंमत वैद्याने आधी सांगितलेली नसते आणि बिल पाहून रोग्याचा रोष दुकानावर निघतो. उलटपक्षी, लिहिलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीची गोळी देताना विक्रेता काही बोलत नाही. रंग व आकार निराळा पाहून रोगी शंकित होतो आणि औषध तसेच कपाटात पडते. ‘याला काहीच साइड इफेक्ट नाही’ हे दुकानातील वाक्य तर कायमचे बंद व्हावे. भल्लातक किंवा वत्सनाभ असलेला कल्प हातात देताना तसे म्हणणे धोक्याचे आहे.

माझी सूचना साधी आहे. चिठ्ठीवर औषधसेवनकाल सोप्या मराठीतही लिहावा. रोगी उठण्यापूर्वी ‘आता हे औषध कसे घेणार, ते मला सांगा’ असे त्यालाच विचारावे. विक्रेत्यानेही पुडी देताना तेच करावे. माझ्या चिकित्सालयात यासाठी प्रत्येकामागे दोनेक मिनिटे अधिक जातात. सायंकाळच्या गर्दीत, बाहेर बाकावर माणसे ताटकळत असताना, तीही जड वाटतात.