आजीचा विसर आणि अणूची साक्ष

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सारेच हसत हसत वापरतो. घरातले म्हातारे माणूस डोळ्यांवर चष्मा असताना चष्मा शोधू लागले, की ही म्हण हमखास बाहेर पडते. पण आमच्या घरात याच म्हणीने एका निरपराध माणसाला तीन वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. ते माणूस म्हणजे माझी आई.

आजी जेवून उठे, हात धुवी आणि अर्ध्या तासाने ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगे, ''सून मला जेवायला देत नाही.'' गल्लीने ते ऐकले, नात्यागोत्यात ते पोहोचले. आत्या आली ती भांडूनच परत गेली. शेवटी आई आजीचे उष्टे ताट न घासता तसेच झाकून ठेवू लागली. पुरावा म्हणून! कोणी म्हणे म्हातारचळ, कोणी म्हणे म्हातारीचा स्वभावच तसा. मीही आजीवर ओरडलो आहे, हे कबूल केले पाहिजे.

अखेर नाशिकला एका डॉक्टरांना दाखवले. रक्त तपासले, मेंदूचा साधा स्कॅन काढला, बराच वेळ आजीशी गप्पा मारल्या आणि त्यांनी रोगाचे नाव सांगितले, अल्झायमर. मग एका पुस्तकातली दोन रंगीत चित्रे त्यांनी आम्हांला दाखवली. एक निरोगी मेंदूचे, दुसरे या रोगाने ग्रासलेल्या मेंदूचे. पहिल्यात जिथे लाल-पिवळा उजेड होता, तिथे दुसऱ्यात निळा अंधार पसरला होता. आई ते चित्र पाहतच राहिली. म्हणाली, ''म्हणजे सासूबाई मुद्दाम नव्हत्या बोलत.'' त्या दिवसापासून उष्टे ताट झाकून ठेवणे बंद झाले.

एका चित्राने हे कसे घडवले, या कुतूहलाने मी थोडे वाचले. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी विज्ञानाच्या वाटेला सहसा जात नाही. पण ही गोष्ट एखाद्या चांगल्या कथेइतकीच रंजक आहे.

किरणोत्सर्गी द्रव्याचा अगदी थोडा अंश शरीरात सोडायचा आणि तो कुठे कुठे जातो हे बाहेरून पाहायचे, ही मूळ कल्पना जॉर्ज हेवेशी या शास्त्रज्ञाची. 1923 साली त्याने किरणोत्सर्गी शिसे पाण्यात मिसळून ते घेवड्यासारख्या एका झाडाच्या मुळांतून पानांपर्यंत कसे चढते, याचा माग काढला. 1943 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला या मार्गासाठीच मिळाले. जनावराच्या गळ्यात घुंगरू बांधावे आणि ते रानात कुठे चरते आहे हे आवाजावरून ओळखावे, तसाच हा प्रकार.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटाच खातो. त्याचे मुख्य अन्न ग्लुकोज, म्हणजे साखर. मग या साखरेलाच घुंगरू बांधले तर? अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर, तात्सुओ इडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. ग्लुकोजसारख्या एका रेणूला त्यांनी किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडले. मेंदूच्या पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकून पडते. त्यातून निघणारे किरण डोक्याभोवतालचे कडे टिपते आणि चित्र तयार होते. जिथे पेशी काम करतात तिथे उजेड, जिथे त्या मंदावल्या तिथे अंधार. 1976 च्या ऑगस्टमध्ये हे द्रव्य विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन प्रथमच माणसाला टोचण्यात आले.

घाई होती म्हणून विमान! कारण या फ्लोरिनचे अर्धायुष्य 110 मिनिटांचे. म्हणजे दर 110 मिनिटांनी ते निम्मे होते. मुंबईत तयार केलेले द्रव्य रेल्वेने नांदगावला आणायचे तर साडेपाच तासांत त्याचा आठवाच हिस्सा हाती लागेल.

मुंबईचे नाव मुद्दाम घेतले. तुर्भे म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो, पोखरण आठवते. पण 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने 1963 साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडले, ते रोग्यांसाठी. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट स्कॅन यंत्र 2002 साली याच केंद्रात आले. ज्यांच्याजवळ सायक्लोट्रॉन नाही अशा रुग्णालयांसाठी आणखी एक सोय आहे. मॉलिब्डेनम नावाच्या द्रव्याची छोटी पेटी मागवायची आणि तिच्यातून रोज ताजे टेक्निशियम काढून घ्यायचे. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. मेंदूतला रक्तपुरवठा त्याने पाहता येतो. या पेटीला शास्त्रज्ञ थट्टेने 'गाय' म्हणतात आणि द्रव्य काढण्याला 'दूध काढणे'. परळच्या प्रयोगशाळेतली ही गाय आपल्या गोठ्यातल्या गाईपेक्षा फार वेगळी नाही!

'किरणोत्सर्गी' या शब्दाला आपण भितो. भीती अगदीच अनाठायी नाही, म्हणून विनाकारण तपासणी करू नये हे बरोबरच. पण मेंदूच्या अशा एका तपासणीत मिळणारी मात्रा ही साधारण दोन-तीन वर्षांत माती, दगड आणि आकाश यांच्याकडून आपल्याला फुकट मिळते त्याच्या आसपासची असते.

खरा आक्षेप निराळा आहे. माझ्या एका मित्राने तो स्पष्टच मांडला : रोगाला इलाज नाही, तर मग चित्र काढून काय उपयोग? गरिबाने हजारो रुपये का घालावे? आक्षेपात तथ्य आहे. अल्झायमर बरा करणारे औषध आजही नाही. 2023 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकानेमॅब सुरुवातीच्या अवस्थेत रोगाची गती थोडी कमी करते, एवढेच. माझ्या आजीचेही पेट स्कॅन काढले नाही. डॉक्टरांना गरज वाटली नाही.

तरीही उपयोग झालाच. 1906 साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूतील विकृती जगापुढे मांडली, पण ती बाई वारल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. जिवंत माणसाच्या मेंदूत तीच विकृती दाखवणारे द्रव्य पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी तयार केले, त्याचा निबंध 2004 साली प्रसिद्ध झाला. जी गोष्ट मरणानंतर कळत असे, ती जिवंतपणी दिसू लागली. आणि हे काम ज्या रोग्यांवर झाले, त्यांच्यापुरतेच ते राहिले नाही. माझी आजी त्या यंत्रात कधी गेली नाही, पण त्या यंत्राने दिलेली साक्ष माझ्या आईच्या उपयोगी पडली. विसरणे हा स्वभाव नव्हे, नाटक नव्हे, मागच्या जन्मीचे पाप नव्हे. तो मेंदूचा आजार आहे, काविळीसारखा, मोतीबिंदूसारखा. माझ्या मते संशोधनाची किंमत मोजताना हा हिशेबही धरला पाहिजे.

द्रव्याला 110 मिनिटांचे बंधन आहे, या समजुतीला नाही. ती नांदगावला पोहोचायला कोणतीही अडचण नसावी. पण ती पोहोचलेली नाही आणि पोहोचवण्याचे काम शास्त्रज्ञांचे नव्हे, आपले आहे. भाषा शिकणारे, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणारे आपण. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते करतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात घरोघरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस का करू नये? विसर पडू लागला असेल तर निदान सरकारी दवाखान्यात दाखवा, एवढे सांगायला कोणती पदवी लागते? कारण प्रत्येक विसर अल्झायमरचा नसतो. ब-12 जीवनसत्त्व कमी असले, थायरॉईड मंदावली, मन खचले, तरी माणूस विसरू लागते, आणि ही कारणे औषधाने सुधारण्यासारखी असतात. 'म्हातारचळ' म्हणून हात झटकणाऱ्या घरात असे एखादे बरे होऊ शकणारे माणूस ओट्यावर बसून राहते.

आणि ज्या घरात आजार बरा होणारा नाही, तिथे निदान सुनेला उष्टे ताट पुरावा म्हणून झाकून ठेवावे लागू नये. आपल्या गावापुरते एवढे तरी आपण करू शकतो.