जहाजाला रेष आहे, इस्पितळाला नाही

सरकारला आकडे आवडतात. म्हणून आधी आकडे घ्या.

ऑगस्ट २०२३. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. २४ तासांत १८ माणसं मेली. दहा बायका, आठ पुरुष. सहा ठाण्याची, चार कल्याणची, तीन शहापूरची. भिवंडी, उल्हासनगर, गोवंडीचं एकेक. एकाची तर ओळखच पटली नव्हती. मग पेपरवाले आले, पुढारी आले, आरोग्य आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सांगितलं गेलं, बरेचसे म्हातारे होते, शेवटच्या घटकेला आणले होते.

असतील. पण दोस्तहो, शहापूरचा माणूस शेवटच्या घटकेला कळव्यापर्यंत का येतो? या मेलेल्यांच्या गावांची यादी हाच राज्याच्या आरोग्य धोरणाचा खरा नकाशा आहे. मंत्रालयातल्या फायलीत तो नाही. गावात डॉक्टर नाही, तालुक्याला सोय नाही, कल्याणला म्हणतात पुढं न्या. या ‘पुढं न्या’लाच आमच्यासाठी धोरण म्हणतात. कळव्यातही नाही जमलं तर आणखी पुढं, सायनला. वाटेत रिक्षा, अँब्युलन्स, सावकार. पेशंट पुढं सरकतो तसं घरातलं एकेक भांडं मागं सरकतं.

मी गोदीत काम करतो. तिथली एक गोष्ट सांगतो. प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर एक रेष रंगवलेली असते. माल चढत जातो, जहाज खाली बसत जातं. पाणी त्या रेषेला टेकलं की लोडिंग बंद. मग मालक कितीही नाचो. ही रेष कुणा मालकाच्या दयेनं आलेली नाही. इंग्लंडात मालक सडकी जहाजं मापाबाहेर भरत आणि त्यांचा विमा उतरवत. जहाज बुडालं की मालकाला विम्याचे पैसे आणि खलाशाला समुद्राचा तळ. सॅम्युअल प्लिमसोल नावाचा माणूस पार्लमेंटात यावर भांडला, तेव्हा १८७६ साली कायद्यानं रेष सक्तीची झाली.

कळव्याच्या रुग्णालयात खाटा ५००. भार साऱ्या जिल्ह्याचा, शिवाय बाहेरचाही. त्याच वर्षी ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या बांधकामासाठी जुन्या जागेतनं हललं. एक जहाज दुरुस्तीला काढलं आणि माल दुसऱ्यावर लादला. रेष कुणी बघायची? रेषच नाही! पोती बुडाली तर गोदीत कागद निघतो, माणूस बुडाला तर म्हणे वय झालं होतं.

कुणी म्हणेल, रेष आखली तर पेशंटला दारातनं परत पाठवतील. नाही. रेष पेशंटसाठी नाही, सरकारसाठी आहे. खाटा भरल्या की त्याच दिवशी डॉक्टर, नर्स, औषध, ऑक्सिजन धाडायची जबाबदारी राज्याची, आणि ती कायद्यानं.

पण राज्य कोण? महापालिकेचं रुग्णालय पालिकेचं, जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याचं, सरकारी मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं. तीन खुर्च्या आणि मधे आपलं मढं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, वाजतगाजत. कळव्याचं रुग्णालय पालिकेचं, ते त्यात नव्हतं. तिथले १८ जण दोनच दिवसांपूर्वी गेले होते. बाबासाहेबांच्या संविधानात सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. खात्यांनी एकमेकांच्या अंगावर ढकलावं असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

यावर त्यांचं उत्तर तयार: विमा. महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाची योजना, पाच लाखांचं कवच. नाव जोतिबांचं, नफा खाजगी इस्पितळांचा! ठरावीक उपचारांची यादी. त्यात बसलात तर बसलात. झोपडपट्टीतल्या तापाला, खोकल्याला, रोजच्या बीपीच्या गोळीला कार्ड चालत नाही. आणि पाच लाखांचं कार्ड खिशात असलं तरी खाट नसेल तर ते उशाला घ्यायचं काय? इंग्लंडातल्या मालकांकडंही विमा होताच की.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, राज्यांनी २०२० पर्यंत बजेटातले आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर घालावेत. २०२० आलं, कोरोना आला, मढी मोजून झाली. महाराष्ट्र आठाच्या जवळ पोचला नाही.

कळव्यानंतर दीड महिन्यानं नांदेड. २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ तान्ही बाळं. औषधाच्या तुटवड्याची ओरड झाली. तेव्हा खासदार हेमंत पाटलांनी काय केलं? आदिवासी समाजातल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. औषध का नाही हे विचारायचं तर बोट मंत्रालयाकडं वळतं, म्हणून हातात झाडू द्यायचा. या देशात चूक वरच्याची आणि झाडू खालच्याच्या हातात, हा जुनाच कायदा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तो मांडवीत, गोदीच्या कडेला. सरकारनं १८९७ साली साथीचा कायदा काढला, म्हणजे घरात शिपाई घुसवले. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई प्लेगच्या पेशंटांची सेवा करता करता, १० मार्चला, त्याच रोगानं गेल्या. आरोग्याची ही दोन धोरणं आहेत: एक दंडुक्याचं, एक सावित्रीचं. नाव आपलं घेतात, दंडुका त्यांचा चालवतात.

राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला हे आधी सुचायला हवं होतं. तो कायदा इथं पाहिजे, आणि त्यात रेष पाहिजे. प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर रोज लिहा: खाटा किती, पेशंट किती, डॉक्टर किती, औषध किती, मेले किती. खडूनं लिहिलं तरी चालेल, आम्हाला वाचता येतं. नाही लिहिलं तर आमच्या पोरांनी वह्या घेऊन दारात बसावं आणि स्वतः लिहावं. कळव्यापासून सुरू करू.

दया नको. रेष आखा.

जय भीम.