आकडा कुणाचा?

बरेच दिवस ह्यावर लिहीन लिहीन म्हणत होतो. मागच्या महिन्यात मावशीकडे जळकोटला गेलो होतो. (लातूरचं नव्हे, नळदुर्गजवळचं. दर वेळी सांगावं लागतं!) बॅगेत हवा मोजायचं छोटं यंत्र होतं. मावशीकडे गॅस आहे, पण भाकरी चुलीवर, तुराट्या घालून. सहज यंत्र शेजारी ठेवलं. पीएम २.५ बघता बघता तीन आकडी. मी गपचूप खिशात घालायला लागलो, तर मावशी म्हणाली, "माझ्या घरातलं मोजलंस आन् मलाच दावंनास व्हय?"

च्यायला, बरोबरच आहे की! संशोधनात तरी दुसरं काय होतं? पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत 'आरती' संस्थेच्या सुधारित चुली आल्यावर धुरात किती फरक पडला, हे स्वयंपाकघरांत जाऊन मोजलं गेलं. शोधनिबंध २००७ साली छापून आला. काम मोलाचंच. पण असा निबंध इंग्रजीत, संशोधकांनी संशोधकांसाठी लिहिलेला असतो. यंत्राशेजारी बसून भाकऱ्या थापणारीला तो पुरणार आहे का? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवायचा प्रयत्न करा असं आहे, पण 'जिथे प्रस्तुत असेल तिथे'. आमच्या प्रोजेक्टमध्ये असली रिक्वायरमेंट आली की ती पुढच्या रिलीजला जाते आणि तिथेच मरते.

वर कारण काय, तर म्हणे त्यांना आकडे कळत नाहीत. अहो, डेअरीवर रोज दूध घालणाऱ्या बाईला फॅट आणि एसएनएफ पॉइंटापर्यंत कळतो. फॅट कमी लागला तर ती भांडते! डेअरीवाल्याला पावती देता येते, तुम्हाला नाही?

दुसरं कारण, लोक घाबरतील. हे थोडं खरं आहे. डब्ल्यूएचओची २०२१ ची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम, आपली बाहेरच्या हवेची ६०. भाकरीच्या वेळचा आकडा त्याच्याशेजारी नुसता ठेवला तर कुणीही दचकेल. क्षणाचा आकडा वेगळा, दिवसाची सरासरी वेगळी, हे समजावून सांगावं लागतं. मग सांगा ना! तेही कामच आहे. आणि कागद स्वयंपाक करणारीच्या हातात द्या, चावडीवर नावानिशी लावू नका. नाहीतर "सुनेला चूल पेटवता येत नाही" एवढाच निष्कर्ष गावभर होईल.

असो. मावशीला मोबाईलवरचा आलेख वहीच्या पानावर काढून दिला. मी मोठ्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणालो, "ही भाकरीची वेळ."

"न्हाई रे," ती म्हणाली. "भाकरी हिथनं पुढं. ही पेटवतानाची. काल तुराट्या ओल्या व्हत्या."