पाणी पळवलं, दोष जनुकांना

मधुमेहावर थोडंही वाचलंत तर 'पिमा इंडियन' हे नाव भेटतंच. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधली ही आदिवासी जमात. जगात सर्वाधिक मधुमेह असलेल्या लोकांत यांची गणना. १९६५पासून सरकारी संशोधकांनी कित्येक वर्षं त्यांचं रक्त तपासलं.

कारण म्हणून जे सांगितलं गेलं ते मात्र फारच सोयीचं: 'काटकसरी जनुक'. जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाची १९६२मधली कल्पना. दुष्काळात तगण्यासाठी चरबी साठवायला शिकलेलं शरीर सुबत्तेत आजारी पडतं. म्हणजे दोष कुणाचा? यांच्याच पूर्वजांचा. सरकार मोकळं!

हे लोक स्वतःला 'अकिमेल ओ'ओदम' म्हणवतात, नदीची माणसं. हिला नदीतून कालवे काढून ते शेती करत. १८४९च्या सोन्याच्या शर्यतीत कॅलिफोर्नियाला निघालेल्या प्रवाशांनी वाटेत यांचाच गहू विकत घेतला. मग वरच्या अंगाला गोऱ्यांच्या वसाहती झाल्या, नदी तिकडेच वळवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गहू विकणाऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. हा दुष्काळ शोधायला अश्मयुगात जायची काय गरज?

शेती गेली, सरकारी शिधा आला: मैदा, साखर, डुकराची चरबी. त्या मैद्याची जाड तळलेली पोळी, 'फ्राय ब्रेड', आता अमेरिकी आदिवासींचा 'पारंपरिक' पदार्थ म्हणून मिरवते. (हसू नका. आपल्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला.)

जनुकांचा वाटा शून्य आहे, असं कुणीच म्हणत नाही. पण सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या सोनोराच्या डोंगरात त्यांचेच भाऊबंद राहतात, अजून शेतात राबतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या प्रौढांमध्ये मधुमेह होता ६.९ टक्के. ॲरिझोनात ३८. रक्त जवळचं, तरी आकडा पाचपट. तेव्हा 'आमच्यात शुगर रक्तातच आहे' असं कुणी सांगितलं, की त्यांच्या ताटात काय होतं आणि ते कुणी बदललं, हेही विचारायला हवं.

रक्ताचा अभ्यास सुरू झाला १९६५ला. पाण्याचा हक्क मान्य करणारा कायदा आला २००४ला. मधली ३९ वर्षं लोक सुईपुढे हात करत राहिले आणि आहार-व्यायामाचे सल्ले ऐकत राहिले. आता काही शेतांत त्यांचा जुना टेपरी घेवडा पुन्हा पिकतोय. डायलिसिसची यंत्रंही चालूच आहेत.