पात्राचा स्वभाव आणि फाशांचे दान

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा प्रकार आपल्या साहित्याच्या वर्गांत सहसा चर्चेला येत नाही. वास्तविक पात्रनिर्मितीचा प्रश्न तेथे जितका उघडपणे मांडला जातो, तितका अन्यत्र क्वचितच मांडला जात असेल. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि संवाद व फासे यांच्या आधारे कथा पुढे सरकते. लिहिलेली संहिता नसते. असते ती नियमपुस्तिका. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार रूढ झाला. या खेळाडूंमधला एक जुना वाद असा: पात्र घडवताना त्याच्या आशयसूत्राला झुकते माप द्यावे की परिणामकारकतेला? म्हणजे पात्र कोण आहे हे आधी ठरवावे, की ते संकटात किती उपयोगी पडेल हे?

वादाच्या दोन्ही बाजू ठरलेल्या आहेत. एक पक्ष म्हणतो, गुणांची बेरीज करत बसणारा खेळाडू हिशेबनीस होय. त्याला पात्र कळलेच नाही. दुसरा म्हणतो, हौसेखातर दुबळे पात्र आणणारा खेळाडू सोबत्यांच्या गळ्यात लोढणे अडकवतो. पात्राची खोली आणि त्याची कर्तबगारी यांचे प्रमाण व्यस्त असते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मला मान्य नाही. हा पेच खेळाडूच्या वृत्तीतून जेवढा निर्माण होतो, त्याहून अधिक नियमांतून निर्माण होतो. नियमपुस्तिका कशाला मोल देते, हे पाहिल्यावाचून वादाचा निवाडा करता येणार नाही.

उदाहरणादाखल 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला जादूगार घेऊ. त्याची सारी भिस्त बुद्धी या गुणावर. २०१४ च्या नियमांनुसार गुणांतली वाढ प्रामुख्याने वंशावरून ठरे. अर्ध-ऑर्क या राकट वंशातल्या पात्राला बळ आणि काटकपणा यांत वाढ मिळे, बुद्धीत नाही. अर्ध-ऑर्क जादूगाराची कल्पना कोणाला कितीही आवडली, तरी तिची किंमत मोजावी लागे. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुरवणी ग्रंथाने ही वाढ हव्या त्या गुणाकडे वळवण्याची ऐच्छिक मुभा दिली, आणि २०२४ च्या आवृत्तीने ती वंशापासून तोडून पूर्वायुष्याशी जोडली. जन्माचे जोखड गेले, हे चांगलेच झाले. पण पेच मिटला काय? नव्या नियमांत ज्याचे पूर्वायुष्य विद्याभ्यासात गेले, त्याला बुद्धीत वाढ घेता येते. जो शेतकरी होता त्याला ती मिळते बळ, काटकपणा आणि शहाणपण यांत. म्हणजे आता शेतातून आलेला जादूगार मागे पडतो. सूत्रधाराला नवे पूर्वायुष्य रचून यातून वाट काढता येते, हे खरे. तथापि छापील नियमांचा कल स्पष्ट आहे. जन्माच्या जागी व्यवसाय आला, एवढेच.

आता हा तोटा किती ते पाहू. जादूगाराने बुद्धीला १५ गुण दिले आणि विद्याभ्यासाचे पूर्वायुष्य घेतले, तर ते १७ करता येतात. त्यामुळे फाशाच्या दानात मिळवायची संख्या २ ऐवजी ३ होते. वीस बाजूंच्या फाशावर याचा अर्थ वीस दानांपैकी एका दानाचा फरक. एका बैठकीत तो एखाददुसऱ्या वेळी जाणवेल. उलट, शेतातून आलेल्या माणसाचे जादूकडे पाहणे, पाऊस पाडण्याच्या मंत्राविषयी त्याला वाटणारा धाक, हे जवळजवळ प्रत्येक प्रसंगात जाणवेल. एवढ्या किमतीला हे पात्र सोडून देणे मला हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते.

अर्थात, मुळात ही किंमत द्यावीच का लागावी, असा प्रश्न उरतोच. काही रचनाकारांनी त्याचे उत्तर फार पूर्वी शोधले. ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' हा खेळ १९८५ चा. आर्थर राजाच्या नाइटांच्या या खेळात प्रत्येक पात्राच्या स्वभावविशेषांच्या तेरा जोड्या असतात: उदार-स्वार्थी, दयाळू-क्रूर, शूर-भित्रा अशा. जोडीतल्या दोन संख्यांची बेरीज २०. एक वाढली की दुसरी घटते. एखादा विशेष १६ वर पोचला की पात्र त्यासाठी ओळखले जाते, कीर्ती मिळवते. मात्र त्या विशेषाची कसोटी पाहणारा प्रसंग आला की फासे टाकणे भाग पडते. दयाळू नाइटाच्या हातून शत्रू सुटू शकतो, खेळाडूच्या मनात असो वा नसो. स्वभाव येथे तलवारीइतकाच कामाला येतो आणि तलवारीसारखा उलटतोही.

२००३ पासूनच्या 'फेट' या पद्धतीत पात्राची ओळख छोट्या वाक्यांशांत लिहिलेली असते. त्या ओळखीपायी येणारे संकट खेळाडूने पत्करले, तर त्याला एक टोकन मिळते. ते पुढे दान सुधारण्यासाठी खर्चता येते. येथे महाभारतातला कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. दातृत्वापायी तो कवचकुंडले देऊन टाकतो आणि बदल्यात त्याला इंद्राची शक्ती मिळते, तीही एकदाच वापरता येण्याजोगी. निव्वळ परिणामकारकता पाहणाऱ्याला हा सौदा घातक वाटेल. पण तो नाकारणारा कर्ण हा कर्णच उरत नाही.

याचा अर्थ दुबळेपणा म्हणजेच खोली, असा मात्र कोणी घेऊ नये. 'निष्णात तलवारबाज' म्हणून आलेल्या पात्राचा वार दर वेळी हुकत असेल, तर त्याचे आशयसूत्रच खोटे पडते. निवेदकाने नायकाला वारंवार बुद्धिमान म्हणावे आणि नायकाने पानोपानी मूर्खपणा करावा, अशी कादंबरी आपण स्वीकारत नाही. ॲरिस्टॉटलने स्वभावाचा संबंध निवडीशी जोडला होता; निवडीला अर्थ यायचा तर ती तडीस नेण्याची काही शक्यताही पात्रापाशी हवी. शिवाय हे पात्र एकट्याचे नसते. सोबत्यांना दर वेळी त्याला वाचवत बसावे लागले, तर त्यांच्या पात्रांची कथा खुंटते.

म्हणून आधी आशयसूत्र ठरवावे, आणि ते खरे ठरेल एवढी परिणामकारकता त्याला द्यावी. त्याहून अधिकाची हाव धरू नये. ज्या नियमांत हे दोन्ही एकत्र साधत नाही, त्या नियमांची चिकित्सा करावी. खेळाडूला हिशेबनीस किंवा लोढणे ठरवून ती टळत नाही. कोणत्या पात्राला किंमत मोजावी लागते आणि कोणाला ते फुकट मिळते, हा प्रश्न आपण कथा-कादंबऱ्यांना विचारतो. तो नियमपुस्तिकेलाही विचारायला हरकत नसावी.