बरणी द्या, पण केक बंद करून नको



डिसेंबर आला की अमेरिकेत शिक्षकांना, शेजाऱ्यांना काहीतरी भेट द्यायची असते. मागच्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, मी काचेच्या बरणीत केक भाजला. गरम असतानाच झाकण लावलं. 'टक्' असा आवाजही आला! आता तो महिनाभर टिकेल ना?"

मी म्हणालो, "नाही." ती हिरमुसली. तिला तेव्हा नीट कारण सांगायला वेळ नव्हता, म्हणून आज लिहितोय.

हाताने केलेली भेट मला विकतच्या भेटीपेक्षा जास्त आवडते. पण बरणीत भाजून, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवलेला केक कोणाला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

का? माझ्या आजीची लोणच्याची बरणी आठवते. "ओला हात लावू नकोस!" असं ती रोज ओरडायची. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांमुळे. चिवडा टिकतो, कारण तो कोरडा असतो. केक मात्र ओलसर असतो आणि आंबटही नसतो.

झाकण 'टक्' वाजतं, कारण आतली गरम हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. म्हणजे आत ऑक्सिजन फारच कमी उरतो. बॉट्युलिझम हा गंभीर आजार करणाऱ्या जिवाणूंना नेमकी अशीच जागा आवडते. ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर असला, तरी ओलसर केकचा आतला भाग २१२ अंशांच्या, म्हणजे पाणी उकळतं त्याच्या, फारसा वर जात नाही. या जिवाणूंचे बीजाणू तेवढ्या उष्णतेत मरत नाहीत. आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असं नाही. म्हणूनच जॉर्जिया विद्यापीठातलं नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशन असा केक करू नका, असं सांगतं. शिवाय या बरण्या ओव्हनसाठी बनवलेल्या नसतात. त्या तडकू शकतात.

काही जण म्हणतात, "आम्ही कित्येक वर्षं करतोय, कधी काही झालं नाही." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. "माझ्या लॅपटॉपवर तर चाललं होतं" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. एकदा चाललं म्हणजे नेहमी चालेल, असं नसतं. आणि इथे प्रश्न दुसऱ्याच्या पोटाचा आहे. भेट घेणारा माणूस काही विचारत नाही, तो विश्वासाने खातो. म्हणून विचार आपणच करायचा.

मग बरणी फेकून द्यायची का? मुळीच नाही! एक क्वार्टची स्वच्छ, कोरडी बरणी घ्या. त्यात दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक चमचा बेकिंग सोडा आणि अर्धा चमचा मीठ भरा. (चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा.) वर चिठ्ठी बांधा: "यात एक कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त तेल आणि तीन चमचे व्हिनेगर घालून ढवळा. आठ इंची भांड्यात ३५० अंशांवर साधारण अर्धा तास भाजा." अंडं लागत नाही, त्यामुळे अंडं न खाणाऱ्या घरीही देता येतं. चिठ्ठी मराठीतही लिहा. शेजाऱ्यांना वाचता आली नाही, तर तुम्ही वाचून दाखवा.

आणि भाजलेलाच केक द्यायचा असेल, तर साध्या भांड्यात भाजा, डब्यात घाला आणि दोन दिवसांत खायला सांगा.

आपल्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. बघा, तुमची बरणी काय घेऊन परत येते ते!

तुम्हाला माझं म्हणणं पटलं का? पटलं नसेल, तर का नाही, ते पाच वाक्यांत लिहा.