कोणाचा वेळ मोलाचा?

उमरग्यातील आमच्या अभ्यासमंडळात अलीकडे एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न केला, "सर, बुलेट ट्रेनला विरोध म्हणजे प्रगतीलाच विरोध, असे गावातली मुले म्हणतात. त्यांना काय सांगायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्या दिवशी मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समाजवादी माणूस यंत्राचा किंवा वेगाचा वैरी नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जपानने टोकियो-ओसाका दरम्यान ५१५ किलोमीटरची शिंकानसेन सुरू केली, ती हौसेखातर नव्हे. तेथील जुन्या मार्गावर आणखी गाड्यांना जागाच उरली नव्हती, आणि देशाची दाट लोकवस्ती व कारखानदारी त्याच पट्ट्यात एकवटली होती. तरीही अंदाजपत्रक जवळजवळ दुप्पट झाले आणि या योजनेचे प्रवर्तक, जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनापूर्वीच पद सोडावे लागले. जेथे वेगाची सर्वाधिक निकड होती तेथेही हिशेब असा चुकला, हे ध्यानात ठेवून आपण आपल्याकडच्या योजनेकडे वळू.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानके बारा. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे १५६ किलोमीटर लोहमार्ग आणि वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर ही चार स्थानके. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झाली, तेव्हाचा खर्चाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा, म्हणजे दर किलोमीटरला २१२ कोटी. पहिल्या उत्साहात १५ ऑगस्ट २०२२ ही तारीख बोलली जात होती. आता सुरत-बिलिमोरा या टप्प्यासाठीच २०२७ चा वायदा आहे. प्रकल्प लांबला की खर्च वाढतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

या योजनेचे समर्थक म्हणतात, "ऐंशी टक्क्यांहून अधिक पैसा जपान देणार, तोही ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने. मग बिघडले कोठे?" व्याज अल्प आहे हे खरे. परंतु मुद्दल फुकट नाही. ८१ टक्के म्हणजे सुमारे ८७,५०० कोटी. पहिली पंधरा वर्षे सवलतीची वजा केली, तर पुढील पस्तीस वर्षे दरसाल सरासरी २,५०० कोटी रुपये केवळ मुद्दलापोटी फेडावयाचे. चालविण्याचा खर्च वजा जाता प्रत्येक प्रवाशामागे हजार रुपये शिल्लक उरतात असे उदार मनाने गृहीत धरले, तरी दररोज सुमारे ६८ हजार प्रवासी हवेत. अहमदाबादच्या आयआयएमच्या २०१६ मधील अभ्यासाने ही दैनंदिन गरज याहूनही मोठी, ८८ हजार ते १ लाख १८ हजार अशी सांगितली होती. शिवाय कर्ज येनमध्ये आहे. गेल्या काही वर्षांत रुपयाच्या तुलनेत येन फारसा महागला नाही हे मान्य. पण पन्नास वर्षे तसेच राहील, हे कोणी छातीठोकपणे सांगावे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "हा पैसा बुलेट ट्रेनसाठीच मिळाला, तो मराठवाड्याच्या रेल्वेला कसा मिळेल?" याला तीन उत्तरे आहेत. एक, फेड त्याच तिजोरीतून व्हावयाची आहे, जिच्यातून बीडचे आणि धाराशिवचे रूळ टाकावयाचे आहेत. दोन, प्रकल्पाच्या भांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी आहेत. हा पैसा जपानचा नव्हे. तीन, त्याच जपानने दिल्लीच्या मेट्रोला आणि पश्चिम मालवाहतूक मार्गालाही कर्ज दिले. म्हणजे काय मागावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे होता. अर्थशास्त्रात कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू. ती दुसरी वस्तू कोणती, ते आता पाहू.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. मूळ अंदाज ३५३ कोटींचा. तो वाढत वाढत ४,८०० कोटींच्या घरात गेला. बीड शहराने पहिली प्रवासी गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीला आले होते, आणि परळीपर्यंतचा मार्ग तेव्हाही अपुराच होता. आमच्या जिल्ह्याचे पाहा. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली. तिच्या लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी या भागाचे ब्रॉडगेज होण्यास २००७-०८ साल उजाडले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडी आली तीही तेव्हाच. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली. मूळ अंदाज सुमारे ९०५ कोटी, म्हणजे किलोमीटरला पावणेअकरा कोटी. निम्म्या खर्चाचा वाटा उचलण्यास, म्हणजे ४५२ कोटींना, राज्याची संमती मिळण्यासच चार वर्षे गेली. हा खर्च पुढे चौपट झाला असे धरले, तरी बुलेट ट्रेनच्या एका किलोमीटरच्या मूळ किमतीत असे पाच किलोमीटर होतात.

आणि उमरगा? सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव आजही रेल्वेविना आहे. पुण्या-मुंबईला निघालेला विद्यार्थी, मजूर किंवा रुग्ण गाडी गाठण्यासाठी आधी एस.टी.ने सोलापूरला जातो. त्याचे हे दोन तास कोणत्याही अहवालात मोजले जात नाहीत.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. प्रकल्पाच्या लाभ-व्ययाचा ताळेबंद मांडताना प्रवाशाच्या वाचलेल्या वेळेला पैशाचे मोल दिले जाते, आणि हे मोल बहुधा त्याच्या मिळकतीवरून ठरते. वांद्र्याहून अहमदाबादेस निघालेल्या व्यापाऱ्याचे तीन तास वाचले की जमेच्या बाजूला मोठी रक्कम पडते. एस.टी. स्थानकावर ताटकळणाऱ्या ऊसतोड मजुराचे तीन तास वाचले, तर तेथे जवळपास काहीच पडत नाही. परिणामी संपन्न प्रदेशातील योजना 'किफायतशीर' ठरते. मागास प्रदेशातील मार्ग 'तोट्याचा' म्हणून मागे राहतो, आणि रेल्वे नाही म्हणून तो प्रदेश अधिकच मागास होतो. वरवर निःपक्षपाती दिसणाऱ्या या गणितात विषमता आधीच मिसळलेली असते. म्हणून कोणाचा वेळ मोलाचा, हा प्रश्न राजकीय आहे. तो केवळ तज्ज्ञांवर सोपविता येणार नाही.

मुंबईच्या कष्टकऱ्यालाही हाच न्याय लागू झाला. बुलेट ट्रेनच्या पायाभरणीनंतर पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. रुंद पुलासाठी तेथे कोणतेही परकीय तंत्रज्ञान नको होते. पालघरच्या आदिवासी गावांत तर ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले असतानाही मोजणी व भूसंपादन पुढे रेटले गेले. ज्यांच्या शेतावरून ही गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने जाणार, त्यांना तिचे तिकीट परवडणार आहे काय?

याहून वेगळा मार्ग असतो, हे आपल्याच इतिहासात नमूद आहे. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणण्याचा निर्णय घेतला. गाड्यांचा वेग त्यामुळे तसूभरही वाढला नाही. कोट्यवधी प्रवाशांची पाठ मात्र सुखावली. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. चार राज्यांनी भांडवल घातले, जनतेकडून रोख्यांद्वारे पैसा उभारला गेला आणि १९९८ मध्ये गाडी धावली. ते काम तडीस नेणारे ई. श्रीधरन यांनीच २०१८ मध्ये बुलेट ट्रेन उच्चभ्रूंपुरती असल्याचे मत मांडून, देशाला आधुनिक, स्वच्छ, सुरक्षित व पुरेशा वेगाच्या रेल्वेची गरज असल्याचे सांगितले होते. यंत्राचा द्वेष करणाऱ्या माणसाचे हे मत नव्हे.

एप्रिल २०१६ मधील एक प्रसंग आमच्या भागात कोणी विसरलेला नाही. तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या गाडीचा वेग कोणी विचारला नाही. रूळ होते, म्हणून पाणी आले. हेच रूळ आठ-दहा वर्षे अगोदरपर्यंत अरुंदच होते, हेही स्मरणात असू द्यावे.

आता बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले आहेत. ते पाडा असे मी म्हणणार नाही. झालेला खर्च परत येत नाही. परंतु देशात असे आणखी मार्ग आखण्याची भाषा सुरू आहे, आणि लढा त्यासंबंधी आहे. कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव मांडाव्यात: महाराष्ट्राने बुलेट ट्रेनमध्ये घातलेल्या प्रत्येक रुपयाइतकी रक्कम मागास भागातील मंजूर मार्गांवर विहित मुदतीत खर्च व्हावी; रेल्वेमार्गाच्या मूल्यमापनात गरिबाच्या आणि श्रीमंताच्या तासाला समान मोल द्यावे; आणि कर्जफेडीचा हिशेब दरवर्षी विधिमंडळासमोर यावा.

त्या तरुण मित्राला माझे सांगणे इतकेच, की गावातल्या मुलांना बुलेट ट्रेनचे आकर्षण वाटते यात त्यांचा दोष नाही. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना घेऊन एका पहाटे उमरग्याच्या एस.टी. स्थानकावर उभे राहावे आणि सोलापूरची गाडी येईपर्यंत हा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. वेळ पुरेसा मिळेल.